बांगलादेशला सूत देणं बंद केलं तर टी-शर्ट आपल्याकडे शिवले जातील का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्याच्या वडिलांचं यवतमाळकडे जिनिंग (कापसातून सरकी काढून रुई करायचा कारखाना) आहे, स्वतः एमबीए करतायत, आणि त्यांचं म्हणणं असं की कापूस आपला, सूत आपलं, आणि बांगलादेश त्याच सुताचे टी-शर्ट शिवून युरोपला विकतो आणि कपड्यांच्या निर्यातीत जगात दुसऱ्या-तिसऱ्या नंबरावर बसतो, हे काय गौडबंगाल आहे? आता संबंध बिघडलेच आहेत तर सूत द्यायचं बंद करून ती शिलाई इकडे का नाही ओढायची? आणि कॉलेजात जे ग्लोबल व्हॅल्यू चेन म्हणून शिकवतात त्याचा याच्याशी संबंध काय?

मी सूत एक्सपोर्टमध्ये बरीच वर्षं आहे, गिरणीच्या बाजूने, म्हणजे एलसी (खरेदीदाराच्या बँकेची पैशाची हमी), कागदपत्रं, कंटेनर आणि ढाक्याच्या पार्टीचे रात्री अकराचे फोन हे सगळं बघणारा माणूस. त्यामुळे सरळ सांगतो, सूत अडवून शिलाई येत नाही. आपल्याकडे सुताचे कोन गोडाऊनला पडून राहतात आणि तो दुसरीकडून घेतो, हे होऊन गेलंय, एकदा नाही दोनदा. पण का येत नाही ते समजून घ्यायचं तर आधी एका साध्या टी-शर्टचा हिशोब बघू. आकडे ढोबळ आहेत, भाव रोज हलतात, पण अंदाज येईल.

मोठ्या माणसाचा साधा गोल गळ्याचा टी-शर्ट, त्याला कटिंग वेस्ट वगैरे धरून साधारण २०० ग्रॅम सूत लागतं, ३० नंबरचं कोंब्ड (नंबर, म्हणजे काउंट, जितका मोठा तितकं सूत बारीक). कोंब्ड म्हटलं की आखूड धागा काढून टाकतात, त्यामुळे २०० ग्रॅम सुताला २८०-२८५ ग्रॅम रुई लागते. आणि तेवढी रुई निघायला ३४ टक्के उतारा धरला तर साडेआठशे ग्रॅमच्या आसपास कापूस. क्विंटलला साडेसात हजार भाव मिळाला असेल तर शेतकऱ्याच्या हातात साठ-पासष्ट रुपये. त्यातली सरकी वेगळी विकली जाते, तुमच्या वडिलांना माहितीच आहे. रुई खंडीला (साधारण ३५६ किलोला) ५५ हजार धरली तर त्या टी-शर्टातली रुई ४४ रुपयांची, सूत ५०-५५ रुपयांचं. पुढे विणाई, डाईंग, शिलाई, बटण-लेबल-पॉलिबॅग, सगळं होऊन चितगाव बंदरात बोटीवर चढताना तो टी-शर्ट अडीच-तीन डॉलरला, म्हणजे सव्वादोनशे-अडीचशे रुपयांना जातो. जर्मनीच्या दुकानात त्याच्यावर १० युरोचं तिकीट. हजार रुपये समजा.

आता यात एक गंमत बघा. नुसत्या शिलाईचे, म्हणजे कापायचं आणि शिवायचं याचे जे पैसे ढाक्याच्या कारखान्याला मिळतात ते एका पीसला ४०-५० सेंट. म्हणजे पस्तीस-पंचेचाळीस रुपये. आपल्या सुतापेक्षा कमीच. मग सगळे त्या शिलाईच्या मागे का लागलेत? तर नोकऱ्यांसाठी. आजची सूतगिरणी म्हणजे एका मोठ्या शेडमध्ये मशीनच मशीन आणि हाताच्या बोटावर मोजता येतील एवढी माणसं फिरताना दिसतात, आणि तेवढंच सूत संपवायला शिलाईच्या बाजूला काही हजार माणसं लागतात. बांगलादेशात या धंद्यात ४० लाखांच्या आसपास कामगार आहेत, त्यात निम्म्याहून जास्त बायका. पीसमागे पैसा कमी पण पोटं किती भरतात बघा. आणि खरा पैसा, म्हणजे अडीचशेपासून हजारापर्यंतचा जो फरक, तो ना यवतमाळला ना ढाक्याजवळच्या गाझीपूरला, तो ब्रँडचं नाव, डिझाईन, दुकानाचं भाडं आणि त्यांचा टॅक्स यात युरोपातच राहतो. ही झाली तुमची व्हॅल्यू चेन. वस्तू एक आणि तिचे तुकडे चार देशांत, आणि प्रत्येक देशाच्या निर्यातीच्या आकड्यात मागच्याचा आकडा मिसळलेला. बांगलादेशची कपड्यांची वर्षाची निर्यात ४० अब्ज डॉलरच्या आसपास दिसते, पण त्यात आपलं सूत, चीनचं कापड, ब्राझील नि आफ्रिकेची रुई हे सगळं धरलेलं आहे. तिथे स्वतःचा कापूस जवळजवळ पिकतच नाही.

मग कापूस नसलेला देश इथपर्यंत आला कसा? याला कारण कायदा आणि कागद, कापूस नव्हे, आणि हे मला वाटतं पुस्तकात नीट येत नाही. १९७४ पासून मल्टी फायबर अ‍ॅग्रीमेंट होतं, म्हणजे अमेरिका-युरोपने प्रत्येक देशाला कोटा ठरवून दिला होता की तुम्ही इतकेच कपडे पाठवायचे. कोरियाचा कोटा भरला. तेव्हा तिथल्या देवू कंपनीने बिनकोट्याचा देश शोधला, बांगलादेशातल्या देश गारमेंट्सशी १९७८-७९ ला करार केला आणि तिथल्या १३० च्या आसपास माणसांना बुसानला नेऊन शिकवलं. ती माणसं परत आली आणि पुढच्या काही वर्षांत त्यातल्या बऱ्याच जणांनी स्वतःचे नाहीतर दुसऱ्यांचे कारखाने उभे केले. पण शिवायला शिकणं हा अर्धा भाग. उरलेला अर्धा म्हणजे बॅक-टू-बॅक एलसी आणि बाँडेड वेअरहाऊस. 

हे जरा सावकाश सांगतो कारण माझं रोजचं काम हेच. समजा जर्मनीच्या खरेदीदाराने ढाक्याच्या कारखान्याला पाच लाख डॉलरची एलसी उघडली. कारखानदाराकडे खिशात दमडी नाही. तो ती एलसी आपल्या बँकेत ठेवतो आणि तिच्या जोरावर बँक आमच्या नावाने सुताची दुसरी एलसी उघडते. आम्ही सूत पाठवतो, ते ड्युटी न भरता बाँडमध्ये (कस्टमच्या देखरेखीतल्या गोदामात) जातं, किती सुताचे किती टी-शर्ट होणार याचं युटिलायझेशन डिक्लेरेशन त्यांची असोसिएशन देते, कपडे जातात, जर्मनीचे पैसे येतात, त्यातून आमचे पैसे सुटतात. म्हणजे खेळतं भांडवल जवळजवळ सगळं खरेदीदाराच्या ऑर्डरवर उभं. ज्याच्याकडे जागा, मशीन आणि माणसं गोळा करायची धमक आहे तो कारखानदार झाला. आपल्याकडे अ‍ॅडव्हान्स ऑथरायझेशन, ड्रॉबॅक असल्या ड्युटी माफीच्या नि परताव्याच्या योजना, सगळं आहे, पण लहान युनिटवाल्याला विचारा, रिफंडमध्ये त्याचं भांडवल किती महिने अडकलेलं असतं ते.

दुसरा कायदा युरोपचा. बांगलादेश अतिअविकसित देशांच्या यादीत, म्हणून २००१ पासून एव्हरीथिंग बट आर्म्स या सवलतीत त्यांचा कपडा युरोपात शून्य ड्युटीने जातो. आपल्या कपड्यावर तिथे ९ ते १२ टक्के लागत आलेत. तीन डॉलरच्या मालात जिथे दोन-चार सेंटवर ऑर्डर फिरते तिथे ९ टक्के म्हणजे खेळ खल्लास. पण शून्य ड्युटीला अट होती, ओरिजिनची, म्हणजे माल कुठल्या देशाचा धरायचा याची. आधी नियम दोन टप्प्यांचा होता, सूत कुठलंही आणा पण कापड तुमच्याकडे विणा आणि तुमच्याकडेच शिवा. या एका अटीमुळे नारायणगंज-गाझीपूरला विणाई आणि डाईंगचे युनिट उगवले आणि त्यांना सूत लागलं, आणि तिथेच आमच्यासारख्यांचा धंदा उभा राहिला. टी-शर्ट, पोलो असल्या निटच्या मालात त्यांची साखळी म्हणूनच भक्कम आहे. मग १ जानेवारी २०११ पासून युरोपने अट ढिली केली, नुसतं शिवलं तरी चालेल. झालं, शर्ट-पँटच्या वोव्हन मालात चीनचं तयार कापड धो-धो यायला लागलं. म्हणजे ब्रसेल्समध्ये एका ओळीचा नियम बदलला आणि कुठल्या देशाचा कारखाना चालणार ते ठरलं. कापूस कोणाच्या शेतात पिकतो हा प्रश्न त्यात कुठेच आला नाही!

अमेरिकेचंही तेच. २०२५ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी बांगलादेशवर २० टक्के आणि आपल्यावर ५० टक्के जादा आयातशुल्क लावलं, पुढे ते आकडे परत हलले ते सोडा, पण त्या नियमात एक पोटकलम होतं की मालात किमान २० टक्के अमेरिकी घटक असेल तर तेवढ्या किमतीला हे जादा शुल्क नाही. लगेच ढाक्यात अमेरिकन कॉटनची चौकशी वाढली. मलाही फोन आले की तुमच्याकडे यूएस कॉटनचं सूत मिळेल का. म्हणजे टेक्सासची रुई महाराष्ट्रात कातायची, गाझीपूरला शिवायची आणि परत अमेरिकेत विकायची. हसू नका, आकडा बसला तर हे होतंच.

आता आपल्याकडे शिलाई का आली नाही. याची उत्तरं जुनी आहेत आणि बरीचशी आपलीच आहेत. कपडे शिवणं आपण लघुउद्योगासाठी राखीव ठेवलं होतं. वोव्हन गारमेंट मोकळं झालं ते २००० च्या टेक्स्टाईल पॉलिसीनंतर, आणि होजियरी तर थेट २००५ मध्ये, म्हणजे ज्या वर्षाच्या सुरुवातीला जगातला कोटा उठला त्याच वर्षी. शर्यत सुरू झाली तेव्हा आपण बूट बांधत होतो. वर शंभर कामगारांच्या पुढे गेलं की कायद्याची कटकट म्हणून लोकांनी एकाच गल्लीत चार नावांनी चार युनिट काढले. ढाक्यात एका छताखाली पाच-पाच हजार माणसं बसतात आणि ब्रँडचा माणूस एका ऑडिटमध्ये सगळं बघून जातो, आपल्याकडे त्याला चार गल्ल्या फिरवाव्या लागतात. (त्या एका छताखालच्या कारभाराची दुसरी बाजूही आहे, २४ एप्रिल २०१३ ला राणा प्लाझा पडली आणि ११३४ माणसं मेली. त्यानंतर तिथे इमारतींची तपासणी खरोखर कडक झाली, आणि ती परदेशी खरेदीदारांच्या दबावाने झाली, हेही साखळीचाच भाग.)

आणि तिसरं, आपण कॉटन कॉटन करत बसलो. जगाचा कल कधीच पॉलिस्टर नि मिक्सकडे गेलाय, खेळाचे कपडे, जॅकेट, लेगिंग. आपल्याकडे मॅनमेड फायबरवर १८ टक्के जीएसटी, सुतावर १२, कापडावर ५, असा उलटा जिना होता, तो २२ सप्टेंबर २०२५ ला सरळ झाला. मध्ये पॉलिस्टर-व्हिस्कोसवर क्वालिटी कंट्रोल ऑर्डर लावून बाहेरचा स्वस्त फायबर अडवला होता, त्या ऑर्डरी त्याच वर्षी नोव्हेंबरात मागे घेतल्या. बरं केलं, पण फार उशीर केला. माझ्या मते शिलाई इकडे आणायची तर खरं काम हे आहे. शेजाऱ्याचा नळ बंद करून काही होत नाही.

नळ बंद करून काय होतं ते सांगतो. २०१०-११ ला रुईचे भाव जगभर भडकले तेव्हा आपल्या सरकारने सुताच्या निर्यातीवर वर्षाला ७२ कोटी किलोची मर्यादा घातली. केलेले करार अर्धवट, एलसी हातात आणि माल पाठवता येत नाही अशी अवस्था. मग ५ मार्च २०१२ ला रुईची निर्यात एका रात्रीत बंद. कारणं असतील, देशातल्या यंत्रमागवाल्यांना नि गिरण्यांना माल मिळावा वगैरे, इचलकरंजीत तेव्हा सुताच्या भावावरून काय चाललं होतं ते मलाही माहिती आहे. पण ढाक्याच्या गिरणीमालकाने त्यातून एकच धडा घेतला, भारतावर एकट्यावर राहायचं नाही. त्यांनी पश्चिम आफ्रिका धरली, बेनिन, बुर्किना फासो, माली, पुढे ब्राझील, आणि स्वतःच्या सूतगिरण्याही वाढवल्या. आज त्यांच्या रुईच्या आयातीत आपण एक सप्लायर आहोत, एवढंच. नाशिकच्या कांदावाल्यांना हे वेगळं सांगायला नको, २०१९ च्या सप्टेंबरात निर्यातबंदी झाली आणि शेजाऱ्याने तुर्कस्तान, इजिप्त, म्यानमार सगळीकडे हात मारले. बंदी उठते, पण गेलेलं गिऱ्हाईक तेवढंच परत येईल असं नसतं.

आता २०२५ मध्ये काय झालं ते, कारण प्रश्न तिथूनच आलाय. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथलं सरकार गेलं, त्यानंतर कुरबुरी चालूच होत्या. ८ एप्रिल २०२५ ला आपण त्यांची ट्रान्सशिपमेंटची सोय काढून घेतली, म्हणजे त्यांचा कपडा जमिनीच्या रस्त्याने कोलकाता-दिल्लीच्या विमानतळावर आणून तिथून युरोपला उडवायचा, ती २०२० पासूनची सोय. पाचच दिवसांत तिकडून बेनापोल, भोमरा, सोनामस्जिद, बांगलाबांधा, बुरीमारी या लँड पोर्टवरून (जमिनीवरच्या हद्दीच्या नाक्यांवरून) भारतीय सूत घ्यायचं बंद केलं. मग १७ मे ला आपण त्यांचे तयार कपडे लँड पोर्टवरून बंद केले, फक्त न्हावाशेवा आणि कोलकाता बंदरातूनच या म्हणून. म्हणजे बघा, ढाक्याहून ट्रकने थेट येणारा माल आता चितगावहून बोटीत बसून कोलकात्याला, नाहीतर अरबी समुद्रात वळसा घालून न्हावाशेव्याला, आणि तिथून परत ट्रकने. त्यातले बरेच कपडे आपल्याच सुताचे.

त्यांच्या बाजूचंही सांगायला हवं. लँड पोर्टवरचं सूत बंद करा ही मागणी तिथल्या सूतगिरणीवाल्यांच्या असोसिएशनची होती आणि ती आधीपासूनची होती. त्यांचं म्हणणं की लँड पोर्टवर काउंट नीट तपासायची सोय नाही, ३० नंबर दाखवून ८० नंबर आत येतो, किंमत कमी दाखवतात, आणि बाँडचं ड्युटी-फ्री सूत स्थानिक बाजारात फुटतं. हे सगळं खोटं आहे असं मी म्हणणार नाही. पण त्याच देशातले विणाई-शिलाईवाले बंदीच्या विरोधात होते, कारण त्यांना वेळेत आणि थोडं थोडं सूत हवं असतं. म्हणजे भांडण भारत विरुद्ध बांगलादेश असं सरळ नसतंच, त्यांच्या गिरण्या विरुद्ध त्यांचेच निटवाले, आणि आमच्याकडे सूतवाले विरुद्ध गारमेंटवाले. तमिळनाडूतल्या तिरुपूरच्या गारमेंटवाल्याला विचारा, तो म्हणेल सूत बाहेर जाऊच देऊ नका, आणि बांगलादेशचे कपडे २०११ पासून आपल्याकडे ड्युटी-फ्री येतात त्याने आमचं वाटोळं झालं. त्याच्या जागी तो बरोबर आहे.

ट्रक आणि बोटीत फरक काय, असं कोणी विचारतं. कोल्हापूर-सांगलीकडून पेट्रापोल (बेनापोलसमोरचा आपल्या बाजूचा नाका) दोन हजार किलोमीटरच्या वर, ट्रक पाच-सहा दिवसांत बनगावला पोचतो. तिथून पुढे खरी मजा. पार्किंगमध्ये नंबर, मग स्लॉट, मग कस्टम, मग झीरो पॉइंट ओलांडून बेनापोलला ट्रक जातो आणि तिथे सगळा माल उतरवून त्यांच्या ट्रकमध्ये भरायचा, कारण आपला ट्रक ढाक्यापर्यंत जाऊ शकत नाही. पावसाळ्यात हे उघड्यावर होतं तेव्हा कार्टन भिजतात, खालच्या थरातल्या कोनला ओल लागते, आणि मग विणताना धागा तुटतोय म्हणून क्लेम येतो. भूतान, बांगलादेश, भारत, नेपाळ यांच्यात थेट गाड्या जाऊ द्यायचा करार २०१५ च्या जूनमध्ये थिंफूला झाला होता, तो अजून रखडलेलाच आहे. वर्ल्ड बँकेने मोजलं होतं, पेट्रापोल-बेनापोल ओलांडायला १३८ तास, त्यातले २८ तास फक्त या ट्रकमधून त्या ट्रकमध्ये माल टाकायला. पूर्व आफ्रिकेत तसली हद्द सहा तासांच्या आत पार होते म्हणे त्याच अहवालात.

एवढं असूनही लोक ट्रकने का पाठवायचे? कारण निटवाला एका वेळी एक-दोन ट्रक मागतो, त्याच्याकडे साठा करायला ना जागा ना पैसा. बोटीने म्हणजे किमान एक अख्खा कंटेनर, न्हावाशेवा, मग बहुतेक वेळा कोलंबोला बदली, मग फीडर बोटीने चितगाव, कारण चितगावला पाणी खोल नाही, मोठी बोट लागत नाही. दोन-तीन आठवडे सहज, आणि चितगावला गर्दी असली तर पुढचं विचारू नका. आम्ही महाराष्ट्रवाले आधीपासून बरंचसं समुद्रानेच पाठवायचो म्हणून आम्हाला दणका कमी बसला, पंजाबकडच्या गिरण्या नि पेट्रापोलच्या ट्रकवाल्यांचं जास्त नुकसान. युरोपचा ब्रँड मात्र टी-शर्टला ६०-९० दिवस देतो, त्यातले वीस दिवस सुतालाच गेले तर निटवाला स्थानिक गिरणीचं सूत किलोला वीस-तीस सेंट जास्त देऊनही घेतो. बोटीत गेलेला वेळ हीसुद्धा एक ड्युटीच आहे, कुठल्या गॅझेटमध्ये छापलेली नसते एवढंच.

म्हणून प्रादेशिक व्यापाराचं जे तुम्हाला शिकवतात ते आकड्यात बघा. दक्षिण आशियातल्या देशांचा आपापसातला व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या जेमतेम ५ टक्के. पूर्व आशियात तो निम्म्याच्या आसपास. वर्ल्ड बँकेचंच वाक्य आहे की भारतातल्या कंपनीला शेजाऱ्यापेक्षा ब्राझीलशी व्यापार करणं वीसेक टक्के स्वस्त पडतं. तिकडे एका फोनचा पडदा कोरियाचा, चिप तैवानची, जोडणी व्हिएतनामची, आणि हे सगळे देश एकमेकांवर खार खाऊन असतात तरी पार्ट अडवत नाहीत, अडवले तर स्वतःचाच कारखाना बंद पडतो हे त्यांना कळतं. जपान-कोरियाचं २०१९ ला तसं वाजलं होतं, चिपला लागणाऱ्या केमिकलवरून, आणि तेव्हाही धागा पूर्ण तुटू दिला नाही. आपल्याकडे साफ्टा (दक्षिण आशियाई मुक्त व्यापार) करार आहे, २००६ पासून, कागदावर ड्युटी शून्यही आहे बऱ्याच मालावर, पण पोर्टच बंद केलं तर शून्य ड्युटीचं काय लोणचं घालायचं?

पैशाचा भागही साखळीतच येतो, तो विसरू नका. २०२२ नंतर तिकडे डॉलरची टंचाई झाली आणि एलसीची मुदत भरली तरी पैसे येईनात, एका बँकेने तर स्वीकारलेल्या बिलाचे पैसे इतके लांबवले की आमच्या गिरणीने त्या बँकेची एलसीच घ्यायची बंद केली. तेव्हापासून नियम सोपा आहे, ढाक्यात पार्टी कितीही चांगली असू दे, आधी बँकेचं नाव विचारायचं, शंका आली तर तिसऱ्या देशातल्या बँकेचं कन्फर्मेशन, म्हणजे पैसे देण्याची हमी, मागायचं, ते न मिळालं तर गोड बोलून सोडून द्यायचं.

आता पुढे काय, कारण तुमचं एमबीए संपेल तेव्हा हेच चालू असेल. बांगलादेश २४ नोव्हेंबर २०२६ ला अतिअविकसित देशांच्या यादीतून बाहेर पडायचा असं ठरलं होतं. युरोप त्यापुढे तीन वर्षं, २०२९ पर्यंत, शून्य ड्युटी चालू ठेवणार. त्यानंतर त्यांना जीएसपी प्लस (युरोपच्या जीएसपी या विकसनशील देशांच्या शुल्कसवलतीतला वरचा प्रकार) हवं असेल तर परत तो जुना दोन टप्प्यांचा नियम, कापड तिथेच विणलं पाहिजे. म्हणजे चीनचं तयार कापड आणून नुसतं शिवायचा मार्ग अवघड होणार आणि विणायला सूत जास्त लागणार. युरोपच्या जीएसपीत सार्क देशांना क्युम्युलेशनही आहे, म्हणजे काही अटींवर शेजाऱ्याचं कापड आपलंच धरता येतं. थोडक्यात ज्या वेळी आपल्या सुताला नि कापडाला तिथे सगळ्यात जास्त गिऱ्हाईक मिळायची शक्यता, नेमकं त्याच वेळी आपण भांडून बसलोय. दुसरीकडे आपला यूकेशी करार २४ जुलै २०२५ ला सह्या होऊन झाला, युरोपियन युनियनशी बोलणी पूर्ण झाल्याचं जानेवारी २०२६ मध्ये जाहीर झालं. ते लागू झाले की आपल्या गारमेंटवरची ९-१२ टक्क्यांची अडचण जाईल आणि तिरुपूर, बारामती, सोलापूर कुणालाही तिथे बरोबरीने उभं राहता येईल. ती शिलाई यायची तर त्या दाराने येईल. आणि आली तरी पाच-सात वर्षं सूत दोन्हीकडे जाईल एवढं आपल्याकडे आहे, एकाचं तोडून दुसऱ्याला द्यायची गरज नाही.

तुमच्या वडिलांच्या जिनिंगचं विचारलंत म्हणून शेवटचं, आणि माझ्या दृष्टीने हे सगळ्यात कामाचं. आमच्याकडे येणाऱ्या क्लेममध्ये नंबर एकला असतो कंटॅमिनेशन. वेचणीच्या बाया युरियाच्या पोत्यात कापूस भरतात, तोंड प्लास्टिकच्या सुतळीने बांधतात, पोतं ओढताना त्याचा एक पांढरा धागा सुटून कापसात जातो. पांढऱ्यात पांढरा, जिनिंगला दिसत नाही, आमच्या मशीनवर सेन्सर आहेत तरी काही सुटतातच, विणतानाही कळत नाही. गाझीपूरला कपडा काळा नाहीतर नेव्ही ब्लू रंगवला की मगच दिसतो, कारण प्लास्टिकला कॉटनचा रंग चढत नाही, काळ्या टी-शर्टाच्या छातीवर बारीक पांढरी रेघ. अख्खा ताका रिजेक्ट आणि डेबिट नोट आमच्या नावाने, सुताच्या नव्हे, रंगवलेल्या कपड्याच्या भावाने. या एका कारणाने आमची रुई बाहेर आफ्रिका-ब्राझीलपेक्षा खालच्या भावात मागतात. तेव्हा शेतकऱ्याला हंगामाआधी कापडी पिशव्या वाटा, गाडी उतरवताना कापूस सिमेंटच्या ओट्यावरच पडू द्या, निवडायला बसवलेल्या बायांना काढलेल्या प्लास्टिकच्या वजनावर वेगळे पैसे द्या, हा शेवटचा उपाय फार चालतो. आणि गिरणीशी बोलणी दसऱ्याच्या आधी करा. स्वच्छ गाठीला खंडीमागे जादा भाव देणाऱ्या गिरण्या आहेत, पण त्या ऑक्टोबरात लॉट बांधून घेतात, जानेवारीत गाठी घेऊन गेलात तर बाजारभावच मिळेल.